निरोप नव्हे, तो स्वतः आला



गेल्या महिन्यात एका शनिवारी सायंकाळी आपल्या देवळात वर्षाची मिस्सा होती. लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या आपल्या एका तरुणाच्या वडिलांना जाऊन वर्ष झाले होते. मिस्साला नातेवाईक होते, तसेच चाळीतले शेजारीही होते. मिस्सा आटोपल्यावर पायऱ्यांवर उभे असताना त्या तरुणाच्या बालमित्राने त्याला हळूच विचारले, "राग मानू नकोस हं. पण तुम्हीच सांगता ना, तुमचा देव क्रूसावर मेला म्हणून? मग जो स्वतःच मेला, त्याच्याकडे तुझ्या पप्पांसाठी काय मागायचं?"

प्रश्नात थट्टा नव्हती. दोघे एकाच मजल्यावर वाढलेले, एकाच शाळेत गेलेले. तरुणाला मात्र उत्तर सुचले नाही, आणि त्याची त्याला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, त्याची पदवीही आमच्याकडे आहे. आम्ही त्याला व्यक्ती आणि स्वभाव यांतला भेद सांगितला, धर्मपरिषदांचे दाखले दिले. त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "फादर, समजलं. पण हे मी त्याला जाऊन सांगू शकणार नाही."

तेव्हापासून त्याचे हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. आमचे उत्तर चुकीचे नव्हते. तरीही जे उत्तर आपल्या माणसाला चाळीच्या गॅलरीत उभे राहून सांगता येत नाही, ते अजून पुरते उत्तर झालेले नाही. म्हणून आज आम्ही हा विषय तुम्हा सर्वांपुढे ठेवत आहोत.

हे प्रश्न आजचे नाहीत

आपल्यापैकी अनेकांना असे प्रश्न लोकलमध्ये, ऑफिसात, कधी सासरी विचारले जातात. काहींना वाटते की हल्ली आपल्या श्रद्धेवर शंका घेतल्या जात आहेत. परंतु हे प्रश्न आपल्या मुंबईला फार जुने आहेत. १८५७ सालच्या जानेवारी ते मे या महिन्यांत बॅकबेच्या किनाऱ्यावर, म्हणजे आज गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह आहे त्या भागात, सायंकाळी मोठा जमाव जमत असे. एका बाजूला विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि दुसऱ्या बाजूला प्रॉटेस्टंट मिशनरी. वाद चाले तो मराठीतून. देव एक असेल तर त्रैक्य कसे? देवाला पुत्र कसा असेल? एकाच्या मरणाने दुसऱ्याच्या पापाची क्षमा कशी होईल? नंतर दोन्ही बाजूंनी या वादाचे वृत्तांत पुस्तकरूपाने छापले.

त्याहीपूर्वी फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूंनी मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. त्याची सुरुवातच एका प्रश्नाने होते. रविवारी दुपारी साष्टीमध्ये मुलांचे धर्मशिक्षण संपते, तेव्हा एक ब्राह्मण उठून पाद्रींना विनंती करतो की जुनी पुराणे आता आम्ही वाचत नाही, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत काही मिळेल का? त्या एका विनंतीतून दहा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला. म्हणजे मराठी ख्रिस्ती साहित्याच्या दारातच प्रश्न विचारणारा उभा आहे. तेव्हा प्रश्न ऐकून आपण दुखावून जाऊ नये. जो विचारतो तो निदान आपल्याकडे पाहतो तरी आहे.

आता नेहमी विचारले जाणारे चार प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न : मी देव आहे असे येशूने कधी म्हटले?

'मी देव आहे' अशी पाटी प्रभू येशूने गळ्यात अडकवली नाही, हे खरे. त्याने ते कृतीतून दाखवले. संत मार्कच्या शुभवर्तमानात (२:१-१२) चौघे जण एका पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून येशूपुढे सोडतात. येशू आधी त्याच्या पापांची क्षमा करतो. बसलेले शास्त्री मनात म्हणतात की हा अधिकार तर केवळ देवाचा. त्यांचा तर्क बरोबर होता. माझा अपराध कोणी केला तर त्याला क्षमा मी करू शकतो. पण तुमचा अपराध केलेल्या माणसाला मी क्षमा करू लागलो तर तुम्ही विचाराल, हा कोण मधे बोलणारा? येशूने नेमके तेच केले, आणि ते आपल्या हक्काने केले.

आणखी एक फरक पाहा. कर्नेल्य पाया पडला तेव्हा संत पेत्राने त्याला उठवले आणि मीही माणूसच आहे असे सांगितले (प्रेषितांची कृत्ये १०:२५-२६). थोमाने मात्र पुनरुत्थित येशूला आपला प्रभू आणि आपला देव म्हटले, तेव्हा येशूने त्याला थांबवले नाही (योहान २०:२८). महायाजकापुढे त्याने आपली ओळख सांगितली म्हणूनच त्याच्यावर ईश्वरनिंदेचा आरोप ठेवला गेला (मार्क १४:६१-६४). त्याच्या शत्रूंना त्याचे म्हणणे बरोबर कळले होते.

काही जण विचारतात, येशूला देव ठरवले ते रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने ना? २००३ साली 'द दा विंची कोड' ही कादंबरी आली आणि हे मत घरोघरी पोहोचले. परंतु कॉन्स्टंटाईनच्या दोनशे वर्षे आधी, सुमारे ११२ साली, बिथुनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहिले. त्यात तो कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. प्लिनी आपल्यापैकी नव्हता, तो तर ख्रिस्ती लोकांना शिक्षा देत होता. म्हणून त्याची साक्ष मोलाची आहे.

दुसरा प्रश्न : थोर गुरू मानले तर काय बिघडले?

हा प्रश्न आपले चांगले मित्र विचारतात. गावदेवीच्या मणिभवनात ज्यांचा मुक्काम असे त्या महात्मा गांधींना डोंगरावरील प्रवचन अतिशय प्रिय होते. गिरगावातील ज्या नाक्याला आपण आजही 'प्रार्थना समाज' म्हणतो, त्याला नाव देणारी संस्था १८६७ साली स्थापन झाली. त्या समाजाच्या मंडळींना येशूच्या शिकवणुकीविषयी आदर होता. मात्र देव देह धारण करतो हे त्यांना मान्य नव्हते, मग तो देह कोणाचाही असो. अशा प्रामाणिक माणसांचा आपण मान राखला पाहिजे. येशूच्या शिकवणुकीप्रमाणे शत्रूवर प्रेम करणारा माणूस, तोंडाने प्रभू प्रभू म्हणून शेजाऱ्याशी भांडणाऱ्या ख्रिस्ती माणसापेक्षा येशूच्या जवळ असू शकतो, हे येशूनेच शिकवले आहे.

तरीही आपण गुरू या शब्दावर थांबत नाही. गुरूचा उपदेश गुरूपासून वेगळा काढता येतो. ज्याने गणित शिकवले त्या मास्तरांचे नाव विसरले तरी गणित चुकत नाही. येशूचे तसे नाही. तो उपदेशाच्या मध्यभागी स्वतः उभा असतो. भुकेल्याला जेवू घातले ते मला घातले, असे तो सांगतो (मत्तय २५). आईबापांपेक्षाही माझ्यावर अधिक प्रेम करा, असे तो मागतो (मत्तय १०:३७). केवळ माणूस असलेल्या कोणी असे मागितले असते तर आपण त्याला नम्र म्हटले नसते. म्हणून येशूला फक्त थोर गुरू मानायचे तर त्याच्या शिकवणुकीतला हा भाग कापून टाकावा लागतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचीही वाटचाल डोंगरावरील प्रवचनापासूनच सुरू झाली. आगगाडीच्या प्रवासात मिळालेल्या नव्या करारातील ते प्रवचन त्यांच्या मनात घर करून राहिले. पण शिकवणुकीवरून ते शिकवणाऱ्याकडे वळले, आणि १८९५ साली आपल्या याच मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तिसरा प्रश्न : मग हा एक अवतारच ना?

आपल्या शेजाऱ्याला आपले म्हणणे सांगताना अवतार हा शब्द पहिल्या पायरीसारखा उपयोगी पडतो. देव माणसाच्या हाकेला धावून येतो, ही श्रद्धा त्या शब्दात आहे आणि ती सुंदर आहे. पण पहिल्या पायरीवरच बसून राहू नये.

अवतार अनेक होतात, प्रत्येकाचे कार्य संपले की तो संपतो. आपण म्हणतो की देवपुत्र एकदाच माणूस झाला आणि कायमचा माणूस झाला. पुनरुत्थानानंतरही त्याच्या हातांवर खिळ्यांच्या जखमा होत्या. मानवी देह त्याने प्रवासातल्या कपड्यासारखा काढून ठेवला नाही. दुसरे म्हणजे, त्याचा काळ सांगता येतो. औगुस्त कैसराच्या राज्यात तो जन्मला, पंतय पिलाताच्या अमलात मारला गेला. दर रविवारी विश्वासांगीकारात आपण एका रोमन अधिकाऱ्याचे नाव घेतो ते याचसाठी. आणि तिसरे, तो पराक्रम करायला आला नाही. आयुष्यातली बहुतेक वर्षे त्याने नाझरेथमध्ये सुताराच्या घरात काढली. तो दमला, त्याला तहान लागली, मित्राने दगा दिला तेव्हा त्याला वेदना झाली. खरा देव आणि खरा माणूस, असे जे कॅल्सेडॉनच्या धर्मपरिषदेने ४५१ साली सांगितले, त्याचा अर्थ हाच की माणूसपण त्याचे सोंग नव्हते.

चौथा प्रश्न : देव मेला कसा?

हा त्या बालमित्राचा प्रश्न. शिकवणुकीप्रमाणे उत्तर असे : देव म्हणून देव मरू शकत नाही. पिता क्रूसावर मेला असे आपण म्हणत नाही. पुत्राने खरे मानवी शरीर आणि मन धारण केले होते, आणि त्या माणूसपणात त्याने खरे मरण सोसले. तो मेला तेव्हा विश्वाचा कारभार थांबला नव्हता. तो मेला, आणि तिसऱ्या दिवशी उठला.

हेच उत्तर आम्ही त्या तरुणाला दिले होते. त्यात कमी काय पडले, हे आम्हाला नंतर उमगले. आम्ही देव 'कसा' मेला ते सांगितले. तो 'का' आला ते सांगितले नाही.

चार प्रश्नांच्या तळाशी एकच प्रश्न

चौथ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रिया शहरात अरियस नावाचा धर्मगुरू होता. तो येशूचा निंदक नव्हता. त्याचे म्हणणे एवढेच की पुत्र सर्वांत थोर आहे, सर्व सृष्टीच्या आधी निर्माण झालेला आहे, पण शेवटी निर्माण केलेला आहे, देव नाही. ३२५ साली निसीया येथे, आजच्या तुर्कस्तानातील इझनिक गावी, बिशप एकत्र जमले. ज्या बिथुनियातून प्लिनीने पत्र लिहिले त्याच प्रांतातले हे शहर. तेथे ठरले की पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे. त्यासाठी त्यांनी होमोऊसिओस हा ग्रीक शब्द वापरला. २०२५ साली त्या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली.

एका शब्दासाठी एवढा वाद कशाला, असे सेमिनरीत आम्हालाही वाटे. पण विचार करा. अरियस बरोबर असेल तर देव स्वतः आपल्याकडे आलाच नाही. त्याने कोणाला तरी पाठवले. फार थोर, फार जवळचा, पण शेवटी दुसराच कोणी. निसीया बरोबर असेल, तर देव स्वतः आला. तळाशी प्रश्न हा एकच आहे : देवाने निरोप पाठवला, की तो स्वतः आला?

हा फरक कोकणातून आलेल्या आपल्या घरांना समजावून सांगायला नको. मालवण-वेंगुर्ल्याहून किंवा गोव्याहून आलेले आपले आजोबा-पणजोबा गिरणीत, गोदीत, बोटीवर राबत आणि गावी मनिऑर्डर पाठवत. त्या पैशांवर घर चाले. पण गावची आई पोस्टमनला विचारी, "तो कधी येणार?" पैसे पोहोचले म्हणून तिचे डोळे वाटेवरून हटत नसत. नाताळला किंवा मे महिन्यात मुलगा ट्रंक घेऊन दारात उभा राहिला की तिची वाट पाहणे संपे. तो कदाचित रिकाम्या हातानेही आलेला असे. १९८२ च्या गिरणी संपानंतर तर कित्येक घरांत असे रिकामे हात परतले. पण तो स्वतः आलेला असे.

देव मनिऑर्डर पाठवू शकत नव्हता असे नाही. शताधिपतीचा चाकर येशूने दुरूनच बरा केला (मत्तय ८:५-१३). पण बेथानीची गोष्ट आठवा (योहान ११). लाजरस आजारी आहे असा निरोप बहिणींनी धाडला. येशू पोहोचला तेव्हा लाजरसला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, असे मार्था त्याला तोंडावर म्हणाली. येशूने तिला गप्प केले नाही. तो कबरेपाशी गेला आणि रडला. लाजरसला आपण उठवणार हे ठाऊक असूनही तो रडला. मरणाचे दुःख दुरून पाहणारा हा देव नव्हे. पुढे थोड्याच दिवसांत तो स्वतः त्याच कबरेच्या वाटेने गेला, यासाठी की आपल्यापैकी कोणालाही ती वाट एकट्याने चालावी लागू नये.

म्हणून मेलेल्या माणसासाठी आपण त्याच्याकडे मागतो. ज्याने मरण कधी पाहिलेच नाही त्याच्याकडे नव्हे. जो मरणात शिरला आणि पलीकडे निघाला, त्याच्याकडे मागतो.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, कोणी विचारले तर चिडू नका. आपल्या आशेचे कारण सौम्यतेने आणि आदराने सांगावे, असे संत पेत्र सांगतो (१ पेत्र ३:१५). समोरच्याच्या देवाला नावे ठेवून आपला देव मोठा होत नाही.

दुसरी गोष्ट, देव स्वतः आला असे आपण मानत असू, तर आपणही निरोपावर भागवू नये. आपण आजाऱ्याला फोन करतो, मोबाईलवर हात जोडलेले चित्र पाठवतो, देणगीचे पाकीट देवळाच्या पेटीत टाकतो. ते वाईट नाही. पण परळला केईएम आणि टाटा इस्पितळ आपल्यापासून किती दूर? टाटाच्या बाहेर फुटपाथवर गावोगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक दिवस काढतात. आपल्याच धर्मग्रामात जिना उतरता येत नाही म्हणून मिस्साला न येणारे वृद्ध आहेत. या आठवड्यात प्रत्येकाने एका तरी ठिकाणी स्वतः जावे. काय बोलावे ते सुचले नाही तर बसून राहावे.

बॅकबेच्या वादात मिशनऱ्यांच्या बाजूला जॉर्ज बोवेन नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. ते आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते. १८४८ साली ते मुंबईत आले, मिशनचा पगार त्यांनी सोडला, अगदी साधेपणाने राहिले आणि सुमारे चाळीस वर्षांनी, १८८८ साली, इथेच वारले. वादात कोण जिंकले यावर आजही दोन मते असतील. ते आले आणि राहिले, यावर दोन मते नाहीत.

जाता जाता

गेल्या रविवारी मिस्सानंतर तो तरुण पुन्हा भेटला. म्हणाला, "फादर, मी त्याला उत्तर दिलं." आम्ही विचारले, काय सांगितलेस? तो म्हणाला, "पप्पा केईएममध्ये होते ना, त्या शेवटच्या रात्री हा दोन वाजता आला आणि सकाळपर्यंत माझ्याशेजारी बाकावर बसून होता. एक शब्द बोलला नाही. मी त्याला म्हटलं, तू त्या रात्री आलास ना, तसा आमचा देव आला. तू पप्पांना वाचवू शकला नाहीस, पण मला एकटं सोडलं नाहीस. तो तर वाचवूही शकतो."

आम्ही विचारले, "मग तो काय म्हणाला?"

"काही नाही. थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, पुढच्या वर्षीच्या मिस्सालाही मला सांग."

फिलिप्पाच्या कैसरियाजवळ येशूने शिष्यांना आधी विचारले की लोक मला कोण म्हणतात, आणि मग विचारले की तुम्ही स्वतः मला कोण म्हणता (मार्क ८:२७-३०). पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातून देता येते. दुसऱ्याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या आयुष्यातून शोधायचे असते. त्या तरुणाला ते इस्पितळातल्या बाकावर सापडले, आणि प्रश्न विचारणाऱ्याने ते नकळत त्याच्या हाती दिले होते.

हे प्रभू येशू, तू आमच्याकडे निरोप पाठवून थांबला नाहीस, स्वतः आलास. आम्हालाही उठून दुसऱ्याच्या दारी जाण्याचे बळ दे. आमेन.

प्रभू तुम्हा सर्वांना व तुमच्या कुटुंबांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्तामध्ये तुमचे,
प्रमुख धर्मगुरू